स्वच्छ धुतलेला झगा

मी, नाव ओळखपत्राप्रमाणे, सगळे अक्का म्हणतात, वय ५४, काम लाँड्रीत इस्त्री, राहणार लाँड्रीच्या मागची खोली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

आमच्या लाँड्रीत मशीनवर एक परदेशी बाई कामाला आहे. वयाने लहान म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणतो. तिला चार वर्षांची मुलगी आहे. धाकटीचा इथे राहण्याचा परवाना नवऱ्याच्या जिवावर आहे. म्हणून तो मारायचा आणि ती गप्प बसायची.

सोमवारी सकाळी ती मुलीला कडेवर घेऊन कामावर आली. ओठ फाटलेला, झग्यावर रक्त आणि झग्याच्या पाठीवर नवऱ्याच्या बुटाचा अख्खा ठसा. मी म्हटले, "आता पुरे झालं. चल ठाण्यात." पण असल्या अवतारात चारचौघांत कसे न्यायचे? मी तिला माझे कपडे दिले. झगा थंड पाण्यात भिजवला, डाग काढले, कडक इस्त्री केली आणि पुरावा म्हणून घडी घालून इथे आणला. डाग काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. साहेबांनी झगा उलटासुलटा केला आणि म्हणाले, "बाई, यात पुरावा कुठाय?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मारहाण सिद्ध झाली असती तर धाकटीला स्वतःच्या नावाने परवाना मिळाला असता. नवरा म्हणाला, ती जिन्यावरून पडली. वर त्याने तिचा परवाना रद्द करायचा अर्ज दिला. बुधवारी तिला परदेशी लोकांच्या कोठडीत नेले. आता तिला तिच्या देशात परत पाठवणार आहेत. मुलगी इथली नागरिक, म्हणून ती इथेच राहणार, बापाकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. हे वाक्य माझ्या आग्रहावरून लिहिले आहे.

आईला नेल्यापासून मुलगी माझ्याकडे आहे. जेवायला बसली की विचारते, "अक्का, आईचं काम अजून संपलं नाही का?" मी म्हणते, कपडे फार आलेत.

आज तिला घेऊन या, असा ठाण्यातून निरोप आला म्हणून आणली. ती बाहेर बाकावर बसली आहे. बापही आला आहे. त्याने चॉकलेट पुढे केले तर ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. मुलीशी नाते काय, असे विचारता सांगते की, काही नाही. तिला बापाकडे देण्यास माझी हरकत आहे. हरकत लिहून घेता येते, मुलीला थांबवून घेता येत नाही, असे मला सांगण्यात आले. मी पाया पडले तेही लिहा.

वरील मजकूर मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. वाचून होईपर्यंत बाहेरचा बाक रिकामा झाला होता.