पेल्याखालचे दोन आणे

कुंभकोणमहून स्वामीमलैला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक जोडपं मराठीत बोलत होतं. आपली भाषा इथे कुणाला कळते, अशा समजुतीनं.

"हॉटेलातल्या त्या वाढप्याला पेल्याखाली दोन आणे कशाला ठेवलेत? सगळ्यांना वाढून झाल्यावर आपल्याकडे आला. कॉफी पार निवलेली."

"होय."

"मान वर करून बघेना की! मी मालकाला सांगून आले, असली माणसं ठेवू नका म्हणून."

"ऐकलं मी, गोदा. तो व्यंकोबा होता."

"कुठला व्यंकोबा?"

"काकांचा मुलगा. आपल्या लग्नाला आला नव्हता, तू ओळखणार कशी?"

"काका तर म्हणतात, तो मद्रासला कचेरीत आहे."

"म्हणतात."

"पण तुमच्याशी तमिळ बोलला तो!"

"मीही तमिळच बोललो."

"भावाला कुणी बक्षिसी देतं का हो?"

"न देता उठलो असतो, तर मी ओळखलं हे त्याला कळलं असतं."

"घेतली त्यानं?"

"घेतली. 'परत या, सामी' म्हणाला."

"आता स्वामीमलैला काकांसमोर कशी बसू मी?"

"बस. ते मद्रासचं सांगायला लागले, की मान डोलव."