माहुताच्या बायकोचं रडणं

मंडळी, मला एक सांगा — मेलेल्या माणसाची बाजू मांडायची कुणी? ज्याच्या हाती लेखणी, त्यानं? अहो, चुळबुळ काय करता! ऐका!

भिवरगड नावाचं संस्थान. दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्ती बिथरला, आणि त्यानं आपल्याच माहुताला, लिंबाजीला तुडवलं! राजेसाहेबांनी दरबारी कवीला बोलावलं — "नागेशपंत, यावर एक संवादकाव्य होऊ द्या!" पंत खाल्ल्या मिठाला जागणारे! काव्यात राजा बोलतो — पानंच्या पानं, भारदस्त वृत्तात! हत्ती बोलतो — अहो, हत्ती! — "माहूत दारू पिऊन आला, त्या वासानं मी बिथरलो!" आणि लिंबाजीची बायको सारजा? तिला एकच ओळ — 'येथे पत्नी आक्रोश करते.' झालं!

लिंबाजीनं उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता हो! पण काव्य गाजलं, आणि सारजेच्या लेकीचं ठरलेलं लग्न अडलं. विहीण म्हणाली, "दारुड्याची पोर नको."

पुढं देवळाच्या उत्सवात ते काव्य उभं करायचं ठरलं. राजाचं सोंग एकाचं, हत्तीचं दुसऱ्याचं. सारजा पंतांकडं गेली. "माझं सोंग मीच घेते."

पंत हसले. "अगं, तुला नुसतं रडायचंय!"

"तेवढं येतं मला."

उत्सवाच्या रात्री पुढं बसले राजेसाहेब, मागं सारा गाव, विहीणसुद्धा! राजा गायला, हत्ती गायला — मृदंगवाले, थांबा जरा! — आणि सारजेनं हंबरडा फोडला. आता मायबहिणींनो, आपल्याकडं बाई मुकी रडते का? हेल काढून रडते! गेलेल्याचं सगळं बोलत रडते! पंत नेमके हेच विसरले, शहाणे कुठले!

"धन्याऽ! हात जोडलेस रे सरकारांना! हत्तीचा मद गळतोय, आज बाहेर काढू नका, म्हणालास रे! सरकार म्हणाले, हत्तीशिवाय मिरवणूक शोभत नाही! त्यांच्या शोभेपायी गेलास, आणि वर दारुडा ठरलास रेऽ!"

राजेसाहेब ताडकन उठले. "पंत, थांबवा हिला!"

पंतांना दरदरून घाम! एकदा राजेसाहेबांकडं बघतात, एकदा बाईकडं. शेवटी म्हणाले, "सरकार, रडणं माझ्याच काव्यात लिहिलंय. कसं थांबवू?"

राजेसाहेब तरातरा निघून गेले. पंतांची नोकरी गेली. आणि विहीण गर्दीतून पुढं आली, पदरानं सारजेचे डोळे पुसले. "चुकलं माझं, विहीणबाई. मुहूर्त काढा."

हसताय राजाला? काकू, तुम्ही, पुढच्या रांगेतल्या! काल सुनेशी वाजलं, ते शेजारणीला रंगवून सांगितलंत ना? त्यात सून काय बोलली? 'मग ती तोंडाला लागली' — एवढंच? आज घरी जा, आणि तेच भांडण पुन्हा सांगा. पण सुनेच्या तोंडून. बघू, जीभ रेटते का!