बिनकार्डाची नात

हॅलो?… हॅलो, कोन?… पुन्याहून ट्रंक कॉल? व्हय, द्या की.

…हॅलो… छबे? मी अक्का बोलतीय… अगं वरडू नको, ऐकू येतंय मला… कुनाला? बनूला घटसर्प?… कोन म्हनलं तुला?… भिमाजीचा मेव्हना? तो कवा भेटला?… अगं न्हाई, न्हाई. रडू नको आधी. माझी नात ठनठनीत हाय. इथं वसरीत शेंगा फोडत बसलीय… व्हय, खरंच. बनू, ए बनू, छबूआजीला हाक मार… ऐकलास आवाज? झालं समाधान?

…न्हाई, तो मेव्हना खोटं न्हाई बोलला. दवाखान्याच्या वहीत तसंच लिवलं हुतं. सूर्यभानरावांची नात, घटसर्प. आता यांची नात म्हनल्यावर गावात दुसरी कोन?… अगं ऐक ना, सांगते. पयल्यापासून सांगते.

आमच्या सोसायटीनं दवाखाना काढला, ते तुला ठावं हाय… व्हय, तोच. कुलथे डॉक्टर आलेत, नवीन, महिना बी झाला न्हाई त्यांना. तर तुझ्या दाजींनी चेअरमन म्हनून नियम केला, ज्यानं वर्षाची वर्गनी भरली त्यालाच कार्ड, आन् कार्ड असंल त्यालाच औषध… व्हय, तुझे मालक विम्याचं सांगतात तसंच. हप्ता भरंल त्याचा विमा. मला बी पटलं हुतं गं. मीच तर घरोघर हिंडून कार्डं खपवली. आन् मंगळवारी दारात बसून कार्ड बघायचं काम माझ्याकडंच.

तर गेल्या मंगळवारी एक बाई आली, लंकाबाई. पाथर्डीकडची. ऊसतोडीच्या टोळीतली… व्हय, आमच्याच मळ्यात तोड चालू हाय त्यांची. काखेत पोरगी, पाच वर्साची, गोजर नाव. अंगात ताप, गळा हा असा सुजलेला… मी काय केलं? मी म्हनलं, बाई कार्ड?

…व्हय, विचारलं. काय लपवू तुझ्यापासून. ती म्हनली, कार्ड न्हाई, पन पैसं देते. म्हनलं, पैशाचं न्हाई बाई, नियम हाय, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. ती काय भांडली न्हाई बघ. नुसतं म्हनली, कुठल्या रस्त्यानं? आन् पोरीला खांद्यावर टाकून निघाली. तालुका किती लांब हाय, तिला कुठं ठावं? उनात… हॅलो? हॅलो, छबे?

…हां, आलीस. चालत निघाली ती. आन् मला त्या पोरीचा श्वास ऐकू येत हुता. लांबून. घरघर, घरघर. मग माझ्यानं बसवंना. पळत गेले, पोरगी हातातनं घेतली आन् तिला म्हनलं, तू बाहीर थांब. आमचं घरचं कार्ड हुतं कनवटीला. डॉक्टरांना म्हनलं, ही माझी नात, बनू.

…व्हय, खोटं बोलले. धडधडीत.

डॉक्टरांनी बॅटरीनं घसा बघितला. आत पांढरा पडदा धरला हुता. त्यांचा चेहराच उतरला. म्हनले, घटसर्प हाय, याचं इंजेक्शन नगरलाच मिळंल, उशीर झाला तर श्वास बंद होईल. आन् मी काय बोलायच्या आत कंपौंडरला पिटाळला सोसायटीत. चेअरमनला बोलवा म्हनून… मग काय. तुझे दाजी बैठक टाकून पळत आले गं. डोक्याला टोपी न्हाई, पायात एकच वहान. दारातनं आत आले, पोरीकडं बघितलं… मंग माझ्याकडं बघितलं.

डॉक्टर म्हनले, सूर्यभानराव, तुमच्या नातीला इंजेक्शन आनायला जीप लागंल सोसायटीची.

…मी? मी खाली बघत हुते. म्हनलं आता चारचौघात काढतात माझी.

हे म्हनले, "व्हय, माझीच नात हाय. जीप काढतो."

…व्हय. एवढंच… अगं स्वतः गेले नगरला, डायवरशेजारी बसून. तीन तासात परत.

…कोन बोलतंय? ऑपरेटर? तीन मिनटं झाली? व्हय, वाढवा, वाढवा… छबे, वाढव म्हन त्यांना… हां.

इंजेक्शन दिलं, पोरीचा श्वास जरा हलका झाला, आन् मग यांनी डॉक्टरांना बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. म्हनले, माझ्या घरची पोरं नका तपासू, टोळीच्या कोपीवर चला, त्या पाचटाच्या झोपड्यांत. डॉक्टर गेले तसेच. तिथं आनखी दोन पोरं निघाली, घसा धरलेली. वेळेवर घावली… तिन्ही बरी हायेत गं. गोजर तर काल माझ्याकडनं दूधभात खाऊन गेली.

…रागावले? अगं चार दिवस झाले, एक अक्षर बोलले न्हाईत माझ्याशी. जेवायला मळ्यात, झोपायला ओट्यावर… कार्डाचा राग न्हाई गं. मी त्यांना खोटं बोलायला लावलं, त्याचा. जन्मात कुनाला फसवलं न्हाई ह्या मानसानं.

आन् काल सभा हुती… सगळी सोसायटी. भिमाजी उठला, म्हनला, वर्गनी आमी भरायची आन् औषध टोळीनं प्यायचं? तुमच्या घरचं कार्ड म्हंजी काय धर्मशाळा हाय का?… व्हय, तुझं बी तेच म्हननं, मला ठावं हाय. आन् त्याचं अगदीच चूक न्हाई गं. त्यानं बिचाऱ्यानं पयल्या दिवशी वर्गनी भरली. उद्या रांग वाढली, औषध सरलं, तर त्यानं काय करायचं?

डॉक्टरांनी त्याला नीट सांगितलं. म्हनले, भिमाजी, कार्डवाला साधा खोकला आला तरी येतो, भरलेत पैसे म्हनून. आन् बिनकार्डाचा पार मरायला टेकला की येतो, तवर चार घरात रोग वाटून. मला तो आधी यायला पाहिजे. तुमची पोरं आन् कोपीवरची पोरं एकाच पाटावर पानी पितात.

मग हे उठले… न्हाई, मला वाटलं हुतं माझ्यावर घालतील. हे म्हनले, वहीत लिवलंय ते खोटं हाय आन् ते मी बोललोय. नियम मी केला, मीच मोडला. मला चेअरमन ठेवायचं का न्हाई ते तुमी ठरवा. पन त्या आधी एक ठरवा. कार्ड बंद करू. जो तो आपापल्या उसाच्या टनामागं थोडं कापून देईल दवाखान्याला. ज्याचा ऊस जास्ती त्याचं जास्ती जाईल. आन् आत यायला कुनाला काय विचारायचं न्हाई. आपला ऊस तोडतो त्याला तर न्हाईच.

…झालं पास. लई न्हाई, सातच हात जास्ती पडले… भिमाजी? त्यानं हात वर न्हाई केला. पन जाताना डॉक्टरांना म्हनला, मंगळवारी माझी बी आई दाखवायची हाय, रांग लवकर लावतो.

…व्हय, चेअरमन हेच. ती गोष्ट कुनी काढली बी न्हाई… टिकंल का? मला काय ठावं गं. पुढच्या साली ऊस कमी पिकला तर बघू काय होतंय. तुझे मालक म्हनतील, बघा, मी सांगत हुतो. म्हनू दे. त्यांच्या विम्याला मी नावं ठेवत न्हाई. ज्याच्याकडं हप्त्याला हाय त्यानं भरावा. पन लंकाबाईनं कुठनं…

…थांब जरा. हे आले वाटतं. मळ्यातनं एवढ्या लवकर?… न्हाई, सून मळ्यात गेलीय भाकरी घेऊन. घरात मी आन् बनूच हाय… थांब, भांड्यांचा आवाज येतोय चुलीकडनं… काय हो?… छबूचा फोन हाय, पुन्याहून… काय म्हनता?

…छबे, हे म्हनतात, ताट वाढलंय, ये… अगं दोन ताटं मांडलीत. पाट सुदिक… हसू नको. तीस वर्सात पयल्यांदा… व्हय, व्हय, आले हो… ठेवते गं आता. भाकरी गार व्हईल.