एक नंबरचा पिक्चर

काय झालं माहितीय का, परवा नव्या पेठेत चहा पिता पिता सिद्धाराम आणि मी हॉलिवूडच्या एका बड्या दिग्दर्शकाच्या पिक्चरांना नंबर देत होतो.

"एक नंबर तो युद्धाचाच," सिद्धाराम म्हणाला. "हिरो मरतो आणि शेवटी स्वर्गात आईच्या हातचं जेवतो."

सिद्धारामचे वडील, आप्पा, टॉकीजमध्ये पिक्चर चालवणारे ऑपरेटर होते. शाळेत असताना त्यांनीच आम्हाला तो फुकट दाखवलेला. इंग्रजी कुणाला कळत होतं? पण शेवटाला अख्खं थिएटर रडत टाळ्या वाजवत होतं.

मी म्हटलं, "अरे, मी मागच्याच आठवड्यात मोबाईलवर परत बघितला की. तो आधी घरी जेवतो, मग युद्धात मरतो. स्वर्गबिर्ग काय नाही."

सिद्धारामनं कप खाली ठेवला. "म्हणजे आप्पांनी शेवटची दोन रिळं मागंपुढं लावली व्हय! तरीच त्या दिवशी ते जेवले नाहीत. लई विचारलं तर म्हणाले, 'लोकं खूश होऊन गेली, बास.'"

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"मग यादीतनं काढू का?" मी विचारलं.

"कशाला? एक नंबरलाच ठेव," तो म्हणाला. "फक्त दिग्दर्शक म्हणून आप्पांचं नाव लिही."