शेळ्या माझ्या मागून येत होत्या

सरुबाईने संस्थेच्या शेळ्यांवर घर वर काढले आणि म्हातारा बाजेवर पडून आडवा येत राहिला, असे आमचा शेजारी किसन देगलूरच्या बाजारात सांगत फिरतो. सरुबाई म्हणजे आमची मंडळी, तेव्हा तिचे कौतुक आहे म्हणून मी आजवर गप्प बसलो. पण उद्या संस्था तिचा सत्कार करणार, तुम्ही तिची हकीकत छापणार, आणि त्यात ही बाजेची गोष्टही छापली जाणार असेल तर माझी बाजू आधी लिहून घ्या.

मी मुकादम माणूस. वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांची जनावरे राखली, ते मला नको होते, म्हणून मी जिनिंगमध्ये हमाल लागलो आणि मुकादम झालो; माझ्या शब्दाशिवाय कापसाची गाठ जागची हलत नसे. पुढे जिनिंग बंद पडले, आम्ही दोघे दुसऱ्याच्या शेतात मजुरीला लागलो, आणि पोरक्या नातीची शाळा सुटायची वेळ आली. तेव्हा संस्थेच्या ताई आमच्या बौद्धवाड्यात आल्या, बायकांचा गट केला, शेळ्यांची दुखणी ओळखायला शिकवले आणि शेळ्या दिल्या, त्याही बायकांच्याच नावावर. मी ताईंना विचारले, या घरात मुकादम कोण? ताई नुसत्या हसल्या. सरुबाई म्हणाली, हाव, मुकादम तुम्हीच, पण मी मजुरीला गेल्यावर ह्यांला चारायला कोण नेणार, ते आधी बोला.

आता नीट ऐका. मी विरोध केला नाही. मुकादमाने शेळ्यांमागे फिरणे शोभत नाही, एवढेच मी म्हणालो, आणि त्या शब्दाला जागलो. मी रोज सकाळी पटका बांधून ओढ्याकडे फिरायला जात असे आणि शेळ्या आपखुशीने माझ्या मागून येत. त्यांना मी कोण अडवणार? एकदा किसनने वाटेत गाठले, काय मुकादम, शेळ्या चारून राहिले का? मी म्हणालो, हवा खाऊन राहिलो. मग डोईवर बाभळीचा पाला कशाला? म्हणालो, ऊन लई हाय. आणि तोच किसन आज म्हणतो, मुकादम, चारत न्हाई असं तुम्हीच बोलला होता की!

शेळ्या वाढल्या, पत्रे जाऊन स्लॅब आला, नात लातूरला नर्सिंग शिकते आहे. संस्थेने दिले, सरुबाईने दुखण्याखुपण्यात जपले, हे मी कधीच नाकारले नाही. वाद फक्त बाजेचा आहे.

तर काल घडले ते शब्दशः लिहा. सत्कारासाठी फोटो काढायला संस्थेची माणसे आली, तेव्हा शेळ्या ओढ्यापलीकडे पांगल्या होत्या. सरुबाईचे माहेर तेलंगणातले, ती तिकडच्या बोलीत रा, रा, म्हणजे या, या, अशा हाका मारून दमली, किसनने घसा फोडला, एकीनेही मान वळवली नाही. मी मागे उभा होतो, माणसांच्या गर्दीने धूळ उडाली आणि मला खोकला आला. सगळा कळप पाण्यातून धावत आला आणि माझ्या धोतराला येऊन चिकटला.