कोळंबी तळली

अड्यारच्या बसथांब्यावरच्या तमिळ गलक्यात मागून मराठी कानावर पडली, तशी ऋचा वळली. एक निवृत्त गृहस्थ गळाची काठी सावरत उभे होते आणि त्यांची बायको भलीमोठी पिशवी चाचपत होती. ऋचाने पुन्हा तोंड फिरवलं, पण कान मागेच ठेवले.

“अगं, दिवसभर खाडीवर मासे धरायला चाललोय, काशीला नाही. एवढं सामान?”

“टोपी, छत्री, पाणी, चटई. पित्ताची गोळी वरच्या कप्प्यात आहे.”

“आणि गळाला लावायची कोळंबी?”

“ती तळली. डब्यात आहे.”

“तळली? मग गळाला काय लावू?”

“कणकेच्या गोळ्या केल्यात. हळद घालून.”

“धन्य आहे! आणि ही दुसरी टोपी कोणाची?”

“माझी.”

“तुझी कशाला?”

“अहो, उन्हात बसायचं तर टोपी नको?”

“तू येतेस? चारू, तिथे काही नसतं गं. नुसतं पाण्याकडे बघत बसायचं.”

“बघेन की.”

“बोललं की मासे पळतात.”

“मग नाही बोलणार. घरी तरी आपण काय बोलतो?”

तेवढ्यात बस आली. ऋचापाठोपाठ दोघं चढली.

“मुट्टुकाडू, रेंडु,” त्यांनी कंडक्टरसमोर दोन बोटं धरली. मग पिशवी स्वतःच्या मांडीवर ओढून घेत बायकोला म्हणाले, “खिडकीशी तू बस. समुद्र त्या बाजूला लागतो.”