मेणाचे कोरे हात

पोलिसांच्या प्रयोगशाळेपासून सुटलेल्या जीपनीत, म्हणजे इथल्या प्रवासी जीपमध्ये, माझ्यासमोर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत मेण अजून चिकटलेलं होतं.

"सुटलो गं पुरिता! कढत मेण हातांवर ओतलं, सोलून काढलं, त्यावर औषध टाकलं. बंदुकीच्या दारूचा कण असता तर निळे ठिपके उठले असते. माझं मेण पांढरंशुभ्र!"

"आणि बाकीच्यांचं?"

"अख्ख्या गल्लीचं निळं. नव्या वर्षाचे फटाके सगळ्यांनीच उडवले ना! आता त्या आवाजात तेबानकाकांना गोळी कुणी घातली, शोधा म्हणावं. मी तेवढा मोकळा."

"पण रोदेल, तूही चौकात फटाकेच उडवत होतास ना? पोलिसांना तसंच सांगितलंस."

"हो. मग?"

"मग तुझेच हात कोरे कसे?"

"धुतले असतील."

"धुऊन जात नाही, असं सकाळी तूच म्हणालास. आणि माझे भांडी घासायचे रबरी हातमोजे कालपासून सापडत नाहीयेत."

"हळू बोल."

"ड्रायव्हरदादा, थांबवा! मी इथंच उतरते."

"अगं, घर अजून लांब आहे."

"घरी कोण जातंय?"